द्राक्षबागेतल्या पानभुंगेऱ्यांची बारमाही नोंद कशी ठेवावी

द्राक्षबागायतदाराला पानभुंगेरा म्हटलं की उडद्याच आठवतो. छाटणीनंतर फुगलेला डोळा तो कोरतो आणि डोळ्याबरोबर त्यातला घडही जातो, त्यामुळे त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. पण निफाड, दिंडोरीकडच्या एखाद्या बागेत बांधासकट वर्षभर नेमानं भुंगेरे गोळा केले, तर हाती लागणाऱ्या प्रकारांपैकी बहुतेकांचं द्राक्षाशी काही देणंघेणं नसतं. ते गाजरगवतावर, बेशरमीवर, रुईवर, शेजारच्या मुगावर किंवा कोबीवर जगतात. बागेतली विविधता वाढते ती तणांमुळे, आणि तिचे चढउतार ठरतात पावसावर आणि छाटणीवर. म्हणून नोंदीत भुंगेऱ्याच्या नावाइतकंच महत्त्व तो कोणत्या झाडावर खाताना दिसला याला आहे. हा रकाना रिकामा राहिला तर बाकीच्या आकड्यांवरून फवारणीचा निर्णय घेता येत नाही.

आधी ओळख

पानभुंगेऱ्यांचं कुळ क्रायसोमेलिडी. जगभरात त्याच्या 35,000 हून अधिक जातींची नोंद आहे. बागेत सापडणारे बहुतेक 3 ते 10 मिलिमीटरचे, गुळगुळीत, बरेचदा चकचकीत. मिशा दोऱ्यासारख्या, साधारण निम्म्या शरीराएवढ्या. दहापट भिंगाखाली पायाचा शेवटचा भाग पाहिला तर चारच पेरं दिसतात आणि तिसरं दुभंगलेलं असतं.

घोळ तीन ठिकाणी होतो. पहिला ढालकिड्याशी. त्याच्या मिशा आखूड, टोकाशी गाठ असलेल्या, आणि पायाला वरवर तीनच पेरं दिसतात. तो मावा खाणारा मित्रकीटक. त्याला पानभुंगेऱ्यांत मोजलं तर आकडा फुगतो आणि नको ती फवारणी होते. (वांग्यावरचा एपिलॅकना पानं खरवडतो हे खरं, पण तोही ढालकिड्यांच्याच कुळातला.) दुसरा घोळ हुमणीच्या भुंगेऱ्यांशी. वळवाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर रात्री कडुनिंब, बाभूळ, बोर यांची पानं फस्त करतात ते हे. ॲडोरेटस नावाचे त्यांचे भाऊबंद द्राक्षाची पानंही रात्रीच चाळणी करून ठेवतात. त्यांच्या मिशांच्या टोकाला पंख्यासारख्या उघडणाऱ्या पाकळ्या असतात, त्या एकदा पाहिल्या की पुन्हा फसगत होत नाही. तिसरे सोंडे: तोंड पुढे सोंडेसारखं लांबलेलं असेल तर तो पानभुंगेरा नाही.

आता उडद्या. शास्त्रीय नाव स्केलोडोंटा स्ट्रायजिकॉलिस. लांबी 4 ते 5 मिलिमीटर, रंग तांबूस-कांस्य, पंखांवर सहा गडद ठिपके. ठिपके उजेडात तिरपं धरल्याशिवाय नीट दिसत नाहीत, आणि नुसत्या डोळ्यांना तो काळपट दाणाच वाटतो. धक्का लागला की पाय आवळून खाली पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो. पानावर त्याची खूण म्हणजे गोल भोकं नव्हे, लांबट ओरखड्यांसारखी फटीची भोकं. इंग्रजी नावात ‘फ्ली बीटल’ असलं तरी खऱ्या पिसूभुंगेऱ्यांसारख्या त्याच्या मागच्या मांड्या जाड नसतात. इंटरनेटवर ‘ग्रेप फ्ली बीटल’ शोधलं की जो गडद निळा भुंगेरा पुढे येतो तो आल्टिका कॅलिबिया, अमेरिकेतला. तो आपल्या बागेत नाही. पाणथळ जागी, ठिबकच्या गळतीजवळच्या तणांवर दिसणारा निळा भुंगेरा बहुधा आल्टिका सायनिया असतो. तो पाणलवंगेसारख्या तणांवर वाढतो. त्याला पाहून द्राक्षावर औषध मारू नका.

प्लॉट आखणे

एक एकर पुरे. 9 बाय 5 फुटांवर लागवड असेल तर एकरी साधारण 968 वेली बसतात. त्यातल्या 20 कायमच्या निवडा. चारही कोपऱ्यांजवळ चार-चार आणि मध्यावर चार. कडेची पहिली ओळ सोडून आत या, नाहीतर बांधाचे भुंगेरे वेलीच्या खात्यात जमा होतात. निवडलेल्या वेलींच्या खोडाला रंगीत पट्टी बांधून क्रमांक द्या. पट्टी तारेला बांधली तर छाटणीच्या गडबडीत कोणत्या वेलीची ते कळत नाही.

बांधाचे दोन पट्टे वेगळे धरा, प्रत्येकी 50 मीटर. शक्यतो एक पट्टा तणनाशक न मारलेला असावा. बागेत बोर, चिंच, आंबा, पेरू अशी एकेकटी झाडं असतील तर तीही यादीत घ्या. कुठल्या वर्षी काय सापडेल हे बागेपेक्षा बांध जास्त ठरवतो, त्यामुळे तो टाळून केलेली नोंद म्हणजे उडद्याचीच नोंद.

साधनं

पांढऱ्या जाड कापडाचा 1 मीटर चौरस, आडव्या काठ्यांवर ताणलेला. नसेल तर फिक्या रंगाची छत्री उलटी धरा. वाऱ्याच्या दिवशी छत्रीच बरी, भुंगेरे कडेवरून उडून जात नाहीत. 38 सेंटिमीटर व्यासाच्या कडीचं, जाड मांजरपाटाचं जाळं. मच्छरदाणीचं कापड काट्यांत दोन फेऱ्यांत फाटतं. दहापट भिंग. 10 मिलिलिटरच्या झाकणाच्या कुप्या, मेडिकलमधल्याही चालतात. पेन्सिल, कारण नमुने ज्यात जपतात त्या स्पिरिटमध्ये शाई उतरते.

बारीक भुंगेरे चिमट्यानं धरले की चिरडतात, म्हणून चूषक करून घ्या. 50 मिलिलिटरची पारदर्शक बाटली, झाकणाला दोन भोकं, त्यातून 5-6 मिलिमीटरच्या दोन लवचीक नळ्या. एक नळी भुंगेऱ्याकडे, दुसरी तोंडाकडे. तोंडाकडच्या नळीच्या बाटलीतल्या टोकाला मलमलीचा दुहेरी तुकडा दोऱ्यानं घट्ट बांधा. तो सुटला तर भुंगेरा थेट घशात जातो. फवारणी झालेल्या बागेत चूषक तोंडात धरायचा नाही. लेबलवर दिलेला बागेत न जाण्याचा काळ उलटून गेला तरी त्या फेरीपुरते कापड आणि ब्रशनंच काम करा.

फेरी

पंधरा दिवसांतून एकदा, महिन्याच्या ठरलेल्या तारखांच्या आसपास. वेलींचं काम सकाळी साडेसहा ते आठ. गारव्यात भुंगेरे सुस्त असतात, झटका बसला की उडत नाहीत, सरळ कापडावर पडतात. बांधावर जाळं मात्र नऊनंतर, दव वाळल्यावर. ओल्या गवतात फिरवलेलं जाळं चिखलाच्या फडक्यासारखं होतं, आतले भुंगेरे पाकळ्या-पानांना चिकटून चिरडतात आणि मोजणी निम्म्यावर येते. नवखी माणसं घाईत दोन्ही कामं सात वाजताच उरकतात, तिथंच पावसाळ्यातले आकडे बिघडतात.

वेलीखाली कापड धरा आणि ओलांड्याला, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीला, हाताच्या तळव्यानं पाच झटके द्या. पडलेलं सगळं लगेच मोजू नका, अर्धा मिनिट थांबा. उडद्या सोंग सोडून चालू लागला की कचऱ्यातून वेगळा ओळखू येतो. कोवळी फूट असताना तळवाही नको, तार हलकेच हलवा. फुलोऱ्यापासून घड उतरेपर्यंत झटके पूर्ण बंद. त्या काळात प्रत्येक वेलीच्या पाच काड्या वरपासून खालपर्यंत डोळ्यांनी तपासा, पानांची खालची बाजू धरून. मोजायची पद्धत बदलल्यानं आकडा उतरतो, म्हणून वर्षभर दर फेरीला पाच काड्यांची पाहणी करायचीच आणि झटक्यांचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहायचा. तुलना होते ती पाहणीच्या आकड्यांची.

बांधावर 10 फटकाऱ्यांचा एक संच, पट्ट्यागणिक पाच संच. एक पाऊल, एक फटकारा, डावीकडून उजवीकडे अर्धवर्तुळात. संच संपला की जाळ्याचं तोंड पिळून बंद करा, आणि तणांचं नाव लिहूनच पुढच्या संचाला लागा. जाळ्यातून मिळालेला भुंगेरा कोणत्या तणावरचा हे नंतर कधीच सांगता येत नाही. म्हणून संचांनंतर दहा मिनिटं त्याच पट्ट्यात नुसतं बघत चाला आणि जो खाताना दिसेल त्याचं झाड टिपा. ‘बसलेला’ आणि ‘खाताना’ हे दोन वेगळे शब्द नोंदीत वापरा. रुईवर पाय टेकलेला प्रत्येक भुंगेरा रुई खात नाही.

छाटणीनंतर पंधरवड्याचं वेळापत्रक बाजूला ठेवा. छाटणीच्या पाचव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत दर तीन दिवसांनी त्या 20 वेली बघा. डोळे फुगण्यापासून पोंगा (गुंडाळलेली कोवळी फूट) उघडेपर्यंतचा काळ थोडका असतो, आणि नुकसान त्याच काळात होतं. पंधरा दिवसांनी गेलात तर कोरलेले डोळे दिसतील, भुंगेरा नाही. प्रत्येक वेलीवर किती डोळे तपासले आणि त्यांतले किती कोरलेले, हेही लिहा. डोळ्याच्या टोकाशी ओली, खरवडलेली खाच दिसते ती उडद्याची. आख्खा डोळा सुकून सहज गळत असेल तर कारण दुसरं शोधा.

छाटणीच्या आधी आणखी एक काम. कापड अंथरून खोडाची आणि ओलांड्याची सुटी साल 30 सेंटिमीटर लांबीत सोला. उडद्याची मादी सालीखाली पुंजक्यानं अंडी घालते, प्रौढही तिथं दडतात. अळ्या जमिनीत उतरून मुळांची साल खातात, मातीतच कोष होतो. अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण पावणेदोन महिने. हा हिशेब ध्यानात ठेवला की एप्रिल छाटणीच्या फुटीवर आलेल्या उडद्यांची पुढची पिढी पावसाळ्याच्या तोंडावर का दिसते ते कळतं. सोललेली साल बागेत टाकू नका, बाहेर नेऊन जाळा.

कोणत्या महिन्यात काय

एप्रिल-मे. खरड छाटणीनंतरच्या (काड्या तयार करण्यासाठीची एप्रिलमधली छाटणी) फुटीवर उडद्या, बाकी जवळपास शुकशुकाट. बांध वाळलेला असतो, जाळ्यात काही येत नाही. ‘0’ लिहा, कोरा रकाना आणि शून्य यांत फरक आहे. कोरा म्हणजे गेलोच नाही. मेअखेर दिव्याखाली भुंगेऱ्यांचा खच पडतो तो हुमणीचा, त्याचा या वहीशी संबंध नाही.

जून-जुलै. पहिल्या चांगल्या पावसानंतर गाजरगवत उगवतं आणि पाठोपाठ मातीतून मेक्सिकन भुंगेरा बाहेर येतो: झायगोग्रामा बायकलराटा, सुमारे 6 मिलिमीटर, मळकट पांढऱ्या पंखांवर तपकिरी नागमोडी पट्टे. हा 1983 मध्ये मुद्दाम मेक्सिकोतून भारतात आणला आणि पुढच्या वर्षापासून गाजरगवतावर सोडला. सूर्यफुलावर दिसल्यानं मध्यंतरी त्याच्यावरून वादही झाला, पण त्याचं खरं खाणं गाजरगवतच. बांधावर हा शेकड्यानं दिसला तर त्याला हात लावू नका, आणि त्या पट्ट्यावर तणनाशकही नको. तो पानं झडवून फुलोरा रोखतो, आणि तेही एक पैसा न घेता.

ऑगस्ट-सप्टेंबर. प्रकारांची संख्या सर्वांत जास्त याच काळात. बेशरमीवर आणि रताळ्याच्या वेलावर कासवभुंगेरे: ढालीसारखी पारदर्शक किनार, मधे सोनेरी झाक. ही झाक भुंगेरा जिवंत असेपर्यंतच. कवचातल्या ओलाव्यामुळे ती दिसते, म्हणून स्पिरिटमध्ये टाकल्यावर किंवा सुकल्यावर तोच भुंगेरा मळकट तपकिरी होतो आणि दोन महिन्यांनी पेटी उघडली की हा दुसराच प्रकार वाटतो. फोटो जागेवरच घ्या, रंग जागेवरच लिहा. रुईवर निळ्या-हिरव्या-तांबड्या धातूसारखा चमकणारा प्लॅटिकोरायनस पेरेग्रिनस. मूग-उडदात पानांना बारीक गोल भोकं पाडणारा मदुरासिया. भोपळा, दोडका, काकडी शेजारी असेल तर तांबडा भुंगेरा, ऑलॅकोफोरा. बोरीच्या पानावर काटेरी पाठीचा प्लॅटिप्रिया. त्याच्या अळ्या पानाच्या दोन थरांमध्ये राहतात, म्हणून प्रौढ नसला तरी पान उजेडाकडे धरून पाहा. मोनोलेप्टा सिग्नाटा हा पंखांवर फिकट ठिपके असलेला लहान भुंगेरा अनेक पिकांवर फिरतो. कोकणात तो काजू-आंब्याच्या कोवळ्या पालवीवर उतरतो. तिकडे हीच पद्धत वापरायची असेल तर ‘छाटणी’च्या जागी ‘पालवी’ हा शब्द घाला आणि अंबाड्याचं झाड विसरू नका. त्यावरचा मोठा, ठिपक्यांचा पोडोंशिया सहसा दुसरीकडे भेटत नाही.

ऑक्टोबर. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी. बांध पिवळा पडायला लागतो, मेक्सिकन भुंगेरा मातीत उतरतो, प्रकार झपाट्यानं घटतात आणि त्याच पंधरवड्यात उडद्या महत्त्वाचा होतो. म्हणजे विविधता उतरत असताना धोका चढतो. दोन्ही रेषा एकाच कागदावर काढल्या तरच हे दिसतं.

नोव्हेंबर ते मार्च थोडक्यात. थंडीत उडद्या मंदावतो, सालीखाली शोधावा लागतो. शेजारी कोबी, मुळा, मोहरी असेल तर फायलोट्रेटा, खराखुरा उड्या मारणारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंचा उतरवल्या की चिंचोक्याला भोक पाडून निघणारा कॅरिडॉन सेरेटस तपासा. कडधान्यातले आणि चिंचेतले हे भुंगेरे आता पानभुंगेऱ्यांच्याच कुळात धरतात, जरी त्यांची अळी पानाऐवजी बियांवर वाढते.

वही, नमुने आणि नावं

प्रत्येक फेरीला तारीख, वेळ, जागा, झाड, पद्धत, प्रकार, संख्या, आणि शेजारी मागच्या पंधरा दिवसांतला पाऊस मिलिमीटरमध्ये. त्याच पानावर फवारणीची तारीख आणि औषध. द्राक्षबागेत फवारण्या इतक्या होतात की ही ओळ नसेल तर ऋतूचा परिणाम कुठला आणि औषधाचा कुठला हे वेगळं करता येत नाही. जमेल तर बागेची एक टोकाची ओळ आणि तिच्यालगतचा बांध कीटकनाशकापासून दूर ठेवा, तीच तुलनेची बाजू.

नाव माहीत नसेल तर अंदाजे नाव लिहू नका. ‘पाभुं-01’, ‘पाभुं-02’ असे सांकेतिक क्रमांक द्या आणि प्रत्येकाचा नमुना जपा. लहान कांस्यरंगी प्रकार एकमेकांसारखे इतके असतात की जात नक्की करायला तज्ज्ञाला नराचं जननांग उघडून पाहावं लागतं; फोटोवरून मिळालेलं उत्तर प्रजातीपर्यंत (जीनस, म्हणजे शास्त्रीय नावाचा पहिला शब्द) धरा, पुढे नाही. एका फेरीत एका प्रकाराचे पाच नमुने पुष्कळ, बाकीचे मोजून सोडा.

मारायला घरचं फ्रीझर सर्वांत सोपं: बंद कुपीत दोन दिवस. बाहेर काढल्यावर कुपीवर आलेलं पाणी सुकेपर्यंत झाकण उघडू नका. 6 मिलिमीटरहून लहान भुंगेऱ्याला टाचणी टोचायची नाही, तो दुभंगतो. जाड पांढऱ्या कार्डाचा टोकदार त्रिकोण कापा, टोक किंचित खाली वाकवा, डिंकाचा थेंब लावून भुंगेऱ्याची उजवी कूस त्यावर टेकवा आणि टाचणी त्रिकोणाच्या रुंद बाजूनं घाला. मोठ्यांना टाचणी उजव्या पंखातून. खाली दोन चिठ्ठ्या: पहिलीवर गाव, तालुका, जिल्हा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, दुसरीवर झाड आणि पद्धत. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल ठेवा, नाहीतर आठवड्यात पांढरी बुरशी मिशांवरून चढते.

हिशेब

महिन्याच्या विविधतेसाठी शॅननचा निर्देशांक काढतात. प्रत्येक प्रकाराचा एकूणातला वाटा घ्या, त्याला त्याच वाट्याच्या नैसर्गिक लॉगनं गुणा, सगळ्यांची बेरीज करा आणि उणे चिन्ह काढा. समजा जुलैत बांधावर 60 भुंगेरे मिळाले: मेक्सिकन 40, निळा आल्टिका 12, मोनोलेप्टा 5, कासवभुंगेरा 3. उत्तर येतं सुमारे 0.95. कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’ऐवजी ‘लॉग’ दाबलं तर 0.41 येतं; दोन महिन्यांत दोन बटणं वापरली गेली तर आलेख निरुपयोगी. e चा 0.95 वा घात (कॅल्क्युलेटरवर eˣ) काढला तर 2.6 मिळतात, म्हणजे प्रकार चार असले तरी एका भुंगेऱ्याच्या गर्दीमुळे विविधता अडीच प्रकारांएवढीच आहे. शेतकऱ्याला समजावून सांगायला हाच आकडा बरा.

फटकारे कमीजास्त झाले की प्रकारांची संख्याही कमीजास्त होते. पावसामुळे पाचऐवजी तीनच संच झाले असतील तर तसं लिहा आणि इतर महिन्यांचेही पहिले तीनच संच धरून तुलना करा. बाग आणि बांध यांचे निर्देशांक वेगवेगळे काढा, एकत्र कधीच नाही. आणि एका वर्षाच्या आकड्यांवरून ‘सप्टेंबरात अमुक प्रकार असतात’ असं म्हणू नका. लांबलेला पाऊस सगळं महिनाभर पुढे ढकलतो. दुसऱ्या वर्षी त्याच 20 वेली, तेच दोन पट्टे.

नमुने ओळखायला पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, बंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो. उडद्याच्या नियंत्रणाचा प्रश्न असेल तर मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, आणि निर्यातीच्या बागेत औषध निवडताना त्यांचीच चालू हंगामाची यादी. आधी पत्र किंवा ईमेल करून विचारा, मग पाठवा. स्पिरिट भरलेल्या कुप्या कुरिअरवाले घेत नाहीत, आणि फुटल्या तर चिठ्ठ्याही जातात. सुके नमुने टाचणी-पेटीत पाठवायचे तर प्रत्येकाच्या दोन बाजूंना आडव्या टाचण्या लावा म्हणजे कार्ड फिरत नाही, आणि ती पेटी दुसऱ्या मोठ्या खोक्यात चारही बाजूंनी फोम किंवा चुरगाळलेला कागद घालून बसवा. प्रत्येक प्रकाराचा निदान एक नमुना त्याच क्रमांकासह स्वतःकडे ठेवा, कारण उत्तर येईल ते ‘पाभुं-07 म्हणजे अमुक’ अशा स्वरूपात.